मात्सुएच्या शाळांनी ‘गेन’ आतल्या खोलीत का ठेवला: एका कॉमिकचं प्रकरण

डिसेंबर २०१२. जपानच्या पश्चिमेला शिमाने नावाचा प्रांत आहे, त्याचं मुख्य शहर मात्सुए. तिथल्या शिक्षण विभागाच्या कार्यालयाने शहरातल्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना सांगितलं, की तुमच्या लायब्ररीत ‘हादाशी नो गेन’ म्हणजे ‘अनवाणी गेन’ हे हिरोशिमाच्या अणुबॉम्बवरचं कॉमिक असेल तर ते उघड्या रॅकवरून काढा, आत ठेवा, मुलांनी आपणहून उचलून वाचायचं नाही, शिक्षकांनी परवानगी दिली तर गोष्ट वेगळी. शहरात अशा ४९ शाळा आणि त्यातल्या ३९ शाळांकडे गेनचे सगळेच्या सगळे दहा भाग होते. ज्या शाळांनी लगेच ऐकलं नाही त्यांना पुढच्या महिन्यात परत आठवण करून दिली गेली. पुस्तक फाडलं नाही, रद्दीत घातलं नाही, बंदी असा शब्दही कागदावर आला नाही, फक्त जागा बदलली. त्याच महिन्यात १९ तारखेला हे कॉमिक काढणारे केइजी नाकाझावा हिरोशिमात फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले, वय ७३.

पुढचे आठ महिने ही गोष्ट शहराबाहेर कुणाला कळलीच नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये, हिरोशिमा आणि नागासाकीचे स्मृतिदिन होऊन जेमतेम आठवडा-दहा दिवस झाले असतील, पेपरात बातमी आली आणि मग देशभर गदारोळ झाला.

मी शाळेच्या लायब्ररीत काम करते. हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते यासाठी की आपल्याकडे मुलांच्या हातातलं पुस्तक बाजूला ठेवायचं तर कुणाच्या आदेशाची गरजच पडत नाही, बऱ्याच शाळांत कपाटाला कुलूप असतं, किल्ली ऑफिसात असते, आणि पुस्तकं जूनमध्ये मोजायची आणि एप्रिलमध्ये परत मोजायची एवढाच त्यांचा उपयोग. मात्सुएत निदान कुणीतरी विचारलं की हे आत का गेलं. त्या विचारण्यातून काय काय बाहेर आलं ते नीट बघितलं तर युद्धातलं बालपण दाखवणारी कॉमिक्स मुलांना द्यायची की नाही, कधी द्यायची, कुणी ठरवायचं, या सगळ्यावर बोलता येतं. पण त्याआधी पुस्तक काय आहे ते सांगायला हवं, कारण या भांडणात पुस्तकाचे दहा भाग शेवटपर्यंत न वाचता बोलणारे दोन्ही बाजूंना खूप होते असं मला वाटतं.

नाकाझावांचा जन्म १४ मार्च १९३९ चा, हिरोशिमातलाच. वडील चित्रकार, लाखेच्या वस्तूंवर नक्षी काढायचे, जपानी पद्धतीची चित्रं काढायचे. युद्धाच्या विरोधात बोलणाऱ्या नाटक मंडळींत होते म्हणून तुरुंगातही जाऊन आले होते. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठला केइजी पहिलीतला पोरगा, शाळेच्या फाटकापाशी पोचला होता, तिथे कुणाच्या तरी आईने त्याला थांबवून काहीतरी विचारलं, आणि तेवढ्यात झालं. स्फोट जिथे झाला तिथून ही जागा सव्वा किलोमीटरच्या आसपास. शाळेची काँक्रीटची भिंत मध्ये आल्यामुळे तो वाचला आणि समोर उभी असलेली ती बाई भाजून जागीच गेली. गालात खिळा घुसलेला, अंगावर माती, आणि सहा वर्षांचा मुलगा घराकडे पळतोय.

घर पडलं होतं. वडील, मोठी बहीण आणि धाकटा भाऊ आत अडकले होते आणि आग येत होती. आई आठ महिन्यांची गरोदर, ती वर कपडे वाळत घालायला गेली होती म्हणून वाचली. धाकट्याचं डोकं पडलेल्या चौकटीखाली अडकलं होतं, आईने ओढून बघितलं, ते निघेना. मी पण इथेच मरते म्हणून ती बसून राहिली, शेवटी शेजाऱ्याने तिला ओढून नेलं. त्याच दिवशी रस्त्यावर ती बाळंत झाली, मुलगी झाली, आणि ती मुलगी चार महिन्यांत गेली.

आता इथे एक बारकावा आहे. कॉमिकमध्ये गेन स्वतः त्या पडलेल्या घरापाशी असतो, तुळई उचलायचा प्रयत्न करतो, धाकटा शिंजी आतून हाका मारतोय, वडील सांगतायत की आईला घेऊन जा. प्रत्यक्षात केइजी तिथे नव्हता. तो शाळेकडून येत होता आणि आई त्याला नंतर भेटली. घरात काय झालं ते त्याने आईच्या तोंडून ऐकलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, कारण ती ते आवाज विसरू शकली नाही. मग चित्रं काढताना त्याने त्या मुलाला तिथे नेऊन उभं केलं. मला हे पान म्हणजे सगळ्या कॉमिकचं मर्म वाटतं. जे बघितलं ते तर काढलंच आहे, पण जे आईने एकटीने बघितलं त्यात मुलगा तिच्या शेजारी उभा आहे, तिला एकटं ठेवलेलं नाही. सत्यकथेत असं चालतं का असं कुणी विचारेल. नाकाझावांनी ते कधी लपवलं नाही, मुलाखतींमधून स्वतःच सांगितलं, आणि गेन हे आत्मचरित्र नाही, आत्मचरित्रावर उभी केलेली गोष्ट आहे, त्यामुळे मला तरी ते चालतं.

पुढे १९६१ मध्ये कॉमिक काढायचं म्हणून ते टोकियोला गेले. तिथे बॉम्बमधून वाचलेला माणूस म्हटलं की लोक कसे बघतात ते कळल्यावर त्यांनी हिरोशिमाचं नावच काढणं बंद केलं, किरणोत्सर्ग लागतो अशी भीती लोकांत होती, लग्नं मोडायची. १९६६ मध्ये आई गेली. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी अस्थी वेचायला जातात तसं जपानमध्येही दहनानंतर घरची माणसं हाडं उचलून कलशात ठेवतात, आणि आईच्या राखेत उचलण्यासारखं हाडच उरलं नव्हतं. किरणोत्सर्गाने आईची हाडंसुद्धा नेली असं त्यांना वाटलं, वैद्यकीय दृष्ट्या ते तसंच होतं का हा वेगळा विषय, पण त्या रागातून त्यांनी अणुबॉम्बवर चित्रं काढायला सुरुवात केली. मोठी मासिकं घ्यायला तयार नव्हती. १९७२ मध्ये एका लहान मुलांच्या मासिकात स्वतःच्या आयुष्यावर छोटं कॉमिक आलं, ‘मी पाहिलं’ नावाचं, ते वाचून संपादक म्हणाले की हे मोठं लिहा, आणि जून १९७३ पासून ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात गेन सुरू झाला.

शोनेन जंप म्हणजे शाळकरी मुलांचं, तुफान खपाचं साप्ताहिक. मारामाऱ्या, खेळ, विनोद, आणि त्यांच्या मधोमध गेन. साधारण सव्वा वर्ष तिथे चाललं आणि थांबलं. पुढचा भाग आला तो मोठ्यांच्या मासिकांत: आधी नागरी चळवळीचं एक मासिक, मग कम्युनिस्ट पक्षाचं सांस्कृतिक मासिक, मग शिक्षक संघटनेचं मासिक. १९८७ पर्यंत असं थांबत थांबत चाललं आणि शेवटी दहा भाग झाले. हा मासिकांचा प्रवास लक्षात ठेवा, मात्सुएचं भांडण समजायला तोच कामाला येतो.

पहिल्या भागाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण लोकांना वाटतं की गेन म्हणजे बॉम्ब. पहिल्या भागात बॉम्ब जवळजवळ शेवटाला पडतो. त्याआधी अडीचशे पानं आहेत ती युद्ध चालू असलेल्या गावात मूल कसं जगतं त्याची. गहू आहे, बाप पोरांना सांगतो की थंडीत पायाखाली तुडवला तरी तो मुळं धरतो आणि सरळ उभा राहतो. भूक आहे, एका रताळ्यावरून भावाभावांची मारामारी. बायका-माणसांना बांबूचे भाले देऊन कवायत करायला लावतायत, विमानातून बॉम्ब टाकणाऱ्यांशी भाल्याने लढायचं, आणि गेनचा बाप त्याची उघड टर उडवतो, त्याला पोलीस धरून नेतात. मग सगळं कुटुंब देशद्रोही ठरतं. दुकानदार माल देत नाही. गेनच्या बहिणीवर शाळेत चोरीचा आळ येतो आणि शिक्षक तिला कपडे काढायला लावतात. घराण्यावरचा डाग पुसायचा म्हणून थोरला भाऊ आपणहून नौदलात जातो, बाप त्याच्याशी बोलत नाही आणि गाडी सुटताना मात्र येतो. शेजारी पाक नावाचा कोरियन माणूस आहे, त्याला सगळे हिणवतात आणि या कुटुंबाला मदत करणारा तोच. युद्ध मुलापर्यंत आधी शेजाऱ्यांच्या तोंडून येतं, मास्तरांच्या छडीतून येतं, रिकाम्या डब्यातून येतं, आणि विमान सगळ्यात शेवटी येतं. युद्धातल्या बालपणावर मी जी थोडीफार कॉमिक्स वाचली त्यात हे इतकं सविस्तर आणि इतक्या रागाने कुणी दाखवलेलं मला आठवत नाही.

बॉम्बनंतरची पानं भयंकर आहेत, हे कबूल करायलाच हवं. अंगावरून कातडी लोंबत चालणारी माणसं, नदीतली प्रेतं, अळ्या. नाकाझावांनी स्वतः सांगून ठेवलंय की वाचक घाबरतात म्हणून मी बरंच सौम्य केलं, खरं याहून फार वाईट होतं. आणि तरीसुद्धा जपानमधल्या असंख्य शाळांत हेच कॉमिक लायब्ररीत असायचं. ज्या काळात शाळेत कॉमिक म्हणजे वेळ वाया अशी समजूत होती त्या काळात गेनला मात्र आत जागा मिळाली, मधल्या सुट्टीत पोरं त्याच्याभोवती गोळा व्हायची, आणि आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या खूप जपानी लोकांना अणुबॉम्ब म्हटलं की आधी गेनची पानं आठवतात.

तर आता मात्सुए. ऑगस्ट २०१२ मध्ये एका माणसाने शहराच्या नगरसभेकडे निवेदन दिलं की हे कॉमिक मुलांना चुकीचा इतिहास शिकवतं, जपानी सैन्याने केलेच नाहीत असे अत्याचार दाखवतं, शाळांतून काढा. नगरसभेने चर्चा करून डिसेंबरमध्ये ते निवेदन एकमताने फेटाळलं. इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण शिक्षण विभागाच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी त्या निमित्ताने पुस्तक उघडून बघितलं, आणि त्यांना काही चित्रं फार खटकली: सैनिक माणसाचं डोकं उडवतोय, बायकांवर अत्याचार होतायत. इतिहास बरोबर की चूक यात आम्ही पडत नाही, पण ही चित्रं लहान मुलांच्या वयाला योग्य नाहीत, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या अधिकारात शाळांना सूचना दिली. जपानमध्ये शिक्षण मंडळ म्हणून पाच जणांची समिती असते आणि तिच्या हाताखाली कार्यालय असतं. कार्यालयाने मंडळाला विचारलंच नाही.

म्हणजे बघा, निवडून आलेल्या लोकांनी नाही म्हटलं, मंडळापुढे विषय गेलाच नाही, आणि तरी पुस्तक आत गेलं. कुणी वाईट हेतूने केलं असं मी म्हणणार नाही, मला तर वाटतं ऑफिसातल्या माणसाला पुढची तक्रार टाळायची होती आणि सगळ्यात कमी आवाज होईल असा रस्ता त्याने निवडला, असं आपल्याकडे रोज होतं.

बातमी फुटल्यावर शहराच्या कार्यालयात फोन आणि मेलचा पूर आला, दोन्ही बाजूंचे. ऑनलाइन सह्यांची मोहीम झाली, त्यावर वीस हजारांहून जास्त सह्या आल्या. जपानच्या ग्रंथालय संघटनेने लेखी कळवलं की हा मुलांच्या वाचण्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे, फेरविचार करा. केंद्रातल्या शिक्षणमंत्र्यांनी मात्र कार्यालयाची बाजू घेतल्यासारखं केलं, मुलांच्या वयाचा विचार करायला हवा आणि शहराला तो अधिकार आहे अशा अर्थाचं बोलले. मुख्याध्यापकांना विचारलं तर अशी मनाई हवी म्हणणारे अगदी मोजके निघाले. शेवटी २६ ऑगस्ट २०१३ ला मंडळाच्या पाचही जणांनी मिळून सूचना मागे घेतली. कारण काय दिलं? की मंडळाला न विचारता सूचना गेली, पद्धत चुकली. पुढचं प्रत्येक शाळेने आपापलं ठरवावं.

मधल्या काळात दुकानांत गेनची मागणी एकदम वाढली.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. सूचना मागे घेतली हे चांगलंच झालं, पण ज्या कारणाने घेतली त्यामुळे मूळ प्रश्नाला कुणी हातच लावला नाही. नववीतल्या मुलाने दहावा भाग वाचावा का, तिसरीतल्या मुलीने पहिला वाचावा का, वाचताना शेजारी कुणी असावं का, यावर मंडळाने एक ओळ लिहिली नाही. पद्धत चुकली म्हटलं की सगळे सुटतात, तक्रारदारही आणि मंडळही.

आणि तक्रार नेमकी कोणत्या पानांची होती तेही बघा. ज्या चित्रांवरून सगळं पेटलं ती जपानी सैन्याच्या अत्याचारांची चित्रं शेवटच्या भागातली आहेत, गेन माध्यमिक शाळेतून बाहेर पडतो त्या समारंभाच्या प्रसंगातली. तो राष्ट्रगीत म्हणायला नकार देतो, सम्राटाला युद्धाचा गुन्हेगार म्हणतो, आणि आपल्या सैन्याने आशियात काय काय केलं ते ओरडून सांगतो, त्याबरोबर ती चित्रं येतात. हा भाग शोनेन जंपमध्ये आलेलाच नाही. तो मोठ्या माणसांच्या, शिक्षकांच्या मासिकात आला, मोठ्या वाचकांसाठी काढलेला. नंतर पुस्तकं निघाली तेव्हा सगळे दहा भाग सारखे दिसणारे, एका रांगेत, आणि लायब्ररीच्या रजिस्टरमध्ये एक नाव. ज्या मुलाने पहिला भाग उचलला तो सुट्टी संपायच्या आत दहाव्यावर पोचणार, पोचायलाच हवा, गोष्टच तशी ओढून नेते. म्हणजे एका नावाखाली दोन वेगवेगळ्या वयांची पुस्तकं आहेत, आणि कार्यालयाने ते न बघता दहाही भाग आत टाकले. ज्याला खरंच वयाची काळजी आहे तो भाग वेगळे करेल, शिक्षकांशी बोलेल, आईवडिलांना बोलावेल.

म्हणून मला असं वाटतं की वयाचं कारण खोटं नव्हतं पण पुरतं खरंही नव्हतं. हिरोशिमाच्या रस्त्यावर कातडी लोंबणारी माणसं चाळीस वर्षं मुलांच्या रॅकवर होती, तेव्हा फक्त चित्रं भयंकर आहेत म्हणून शहरच्या शहराने असं दहाही भाग उचललेले माझ्या तरी वाचनात नाही. अडचण झाली ती मारणारा हात आपल्याच सैन्याचा दिसला तेव्हा. मुलाला युद्धाचा बळी म्हणून दाखवलेलं सगळ्यांना चालतं, रडायला येतं, पाठ्यपुस्तकात बसतं. तोच मुलगा मोठा होऊन विचारायला लागला की माझ्या बापाला तुरुंगात कुणी टाकलं, पाककाकांना हिणवलं कुणी, दुसऱ्यांच्या देशात आपण काय केलं, की मग तो मुलांसाठी अयोग्य ठरतो. आणि हे नुसतं जपानचं नाही, ज्या ज्या देशाकडे सैन्य आहे तिथे हे असंच होतं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. मुलं घाबरतात, रात्री एकटी उठत नाहीत, हे जपानी आयांनी स्वतः सांगितलेलं आहे. नाकाझावांना एका आईने असंच पत्र लिहिलं होतं की मुलगा पुस्तक वाचून रात्री संडासला जायला घाबरतो. त्यांचं उत्तर असं होतं की मुलाला शाबासकी द्या, त्याने ती गोष्ट स्वतःची म्हणून वाचली. सहा वर्षांचा असताना स्वतः ते बघितलेल्या माणसाने असं म्हणण्याला वजन आहे. पण मी रोज पाचवी-सहावीतली मुलं बघते आणि मला माहितीये की एखादं मूल घरी ज्याच्याशी बोलेल असं कुणी नसताना हे पुस्तक घेऊन जातं, त्याला नुसतं शाबास म्हणून भागत नाही. लेखकाचं काम वेगळं, लायब्ररीचं वेगळं. त्यांनी खरं काढायचं, ते त्यांनी केलं, डोळे जाईपर्यंत केलं, २००९ मध्ये मोतीबिंदू आणि नजरेच्या त्रासामुळे त्यांना चित्रं काढणं सोडावं लागलं. मुलाच्या शेजारी बसायचं काम आमचं आहे. ते करायचं नसलं की कपाट आठवतं.

मात्सुएनंतर गेनची सुटका झाली असं मात्र नाही. २०१४ च्या सुरुवातीला ओसाकाजवळच्या इझुमिसानो शहरात महापौरांच्या सांगण्यावरून शाळांतल्या प्रती गोळा केल्या गेल्या, तिथे कारण भाषेचं: भिकारी, वेडा अशा अर्थाचे अपमानकारक शब्द आहेत. मुख्याध्यापकांनी लेखी विरोध केला आणि मार्चमध्ये पुस्तकं परत आली. आणि मग २०२३. खुद्द हिरोशिमा शहराच्या शिक्षण मंडळाने तिसरीच्या शांतता शिक्षणाच्या पुस्तिकेतून गेनचे उतारे काढले आणि बॉम्बमधून वाचलेल्या दुसऱ्या एका व्यक्तीचा अनुभव घातला. इथे अत्याचारांची चित्रं मुळी नव्हतीच. खटकलेले प्रसंग दोन: गेन रस्त्यावर गाणं म्हणून पैसे मिळवतो, आणि आजारी आईला खायला मिळावं म्हणून कुणाच्या तरी तळ्यातला मासा चोरतो. आजच्या मुलांना हे समजत नाही, शिकवायला वेळ फार जातो, चोरी योग्य वाटेल, असं सांगितलं गेलं.

मला या तीन प्रकरणांत हिरोशिमाचं सगळ्यात जास्त लागलं. मात्सुएचा माणूस निदान इतिहासावर भांडत होता. इथे तर भुकेलं मूलच समजत नाही म्हणून काढलं. मासा चोरणारा मुलगा कळत नसेल तर युद्धातलं बालपण कळणार कसं, ते बालपण असतंच तेवढं, आईला काय खायला घालायचं या एका प्रश्नाचं. आणि मुलांना ते समजत नाही यावर माझा विश्वास नाही. आमच्या शाळेत येणाऱ्या मुलांत डब्याला काही नसतं म्हणून मधल्या सुट्टीत नळावर जाऊन उभी राहणारी मुलं आहेत, त्यांना मासा का चोरला ते मी समजावून सांगायची गरज नाही.

एवढं सगळं होऊनही पुस्तक जगभर फिरलं, तेही मुख्यतः हौशी लोकांच्या जिवावर. १९७६ मध्ये शांतता पदयात्रेसाठी अमेरिकेत गेलेल्या जपानी तरुणांना वाटलं की हे इंग्रजीत हवं, त्यांनी टोकियोत स्वयंसेवकांचा गट केला आणि पहिला भाग भाषांतरित केला, जपानी कॉमिकचं पूर्ण पुस्तक इंग्रजीत येण्याची ती अगदी सुरुवातीची वेळ. आज वीसहून जास्त भाषांत आहे, हिंदीतही आहे. मराठीत मला अजून कुठे दिसलेलं नाही आणि त्याची मला खंत आहे, कारण ६ ऑगस्टला हिरोशिमा दिन आपल्या कितीतरी शाळांत होतो, कागदाचे बगळे करतात, एक मिनिट उभं राहतात, आणि मुलांच्या हातात वाचायला काही नसतं.

आता कामाचं. उद्या आपल्या शाळेत अशी तक्रार आली तर काय करायचं, हे मी मात्सुएवरून स्वतःसाठी ठरवून ठेवलंय आणि आमच्या मुख्याध्यापिका बाईंशी बोलूनही झालंय. तक्रार लेखी घ्यायची, कोणतं पान आणि का ते लिहून द्यायचं, तोंडी कुजबुजीवर पुस्तक हलवायचं नाही. तक्रारीचा विचार करणाऱ्यांनी पुस्तक पूर्ण वाचलेलं हवं, दहा असतील तर दहाही, आणि त्यात एक पालक, एक भाषेचे सर किंवा बाई, आणि नववीतलं एखादं मूल हवंच, कारण ज्याच्यासाठी ठरवतोय त्याला कुणीच विचारत नाही, मात्सुएतही विचारल्याचं मी वाचलेलं नाही. ठरवलेलं कारणासकट फळ्यावर लावायचं. भागांचं वय वेगळं असेल तर भाग वेगळे ठेवायचे, आणि पुढचे भाग द्यायच्या आधी मुलाशी पाच मिनिटं बोलायचं, काय वाटलं, कुठे थांबलास, घरी कुणाला दाखवलंस का. परवानगीची चिठ्ठी मागायची नाही, चिठ्ठी म्हटली की मूल परत येत नाही. आणि हे सगळं ठरेपर्यंत पुस्तक जिथे होतं तिथेच, रॅकवर राहील. बाईंना शेवटचा मुद्दा तेवढा पटलेला नाही, त्यांचं म्हणणं तोवर निदान टेबलावर ठेवा, त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.